क्रूझ कधी बुक करायची? आधी घरची तारीख, मग भाव

पत्राचा गोषवारा: अमरावती जिल्ह्याच्या संत्रापट्ट्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव-गाव देत नाही. घरी संत्र्याची बाग, बाकी रानात कपाशी, सोयाबीन आणि तूर. ताई गावातल्या बचत गटाचा हिशेब सांभाळतात. येत्या मे महिन्यात त्यांच्या सासऱ्यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होतात. टीव्हीवर जहाज पाहताना ते एकदा म्हणाले होते, "एक डाव समुद्र पाहाचा हाय मले. काठावून नाही, मंधात जाऊन." तेव्हापासून ताईंनी मनात धरलं आहे की मुंबईहून निघणाऱ्या क्रूझवर सगळ्या घरानं जायचं. सासू-सासरे, हे दोघं नवरा-बायको, दहावीतली मुलगी, चौथीतला मुलगा, दीर-जाऊ आणि त्यांचं तीन महिन्यांचं बाळ, असे नऊ जण.

पेच भावाचा आहे. नणंदेचे यजमान पुण्याला असतात. ते म्हणतात, शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबा, रिकाम्या खोल्या पडेल त्या भावात निघतात. अमरावतीचा एजंट म्हणतो, आजच पैसे भरा, उद्या भाव चढला तर मला बोलू नका. ताई रोज रात्री मोबाईलवर दर पाहतात. कधी उतरलेला दिसतो, कधी चढलेला, आणि निर्णय काही होत नाही. "मी बुक केलं आणि नंतर भाव पडला तर घरात मलाच ऐकून घ्यावं लागेल," असं त्या लिहितात. सगळ्यात स्वस्त दिवस कोणता, एवढंच त्यांना हवं आहे.

ताई, नमस्कार.

थेट उत्तर आधीच देऊन टाकते. नऊ माणसं, त्यात शाळेतली दोन मुलं, पंच्याहत्तरीचे आजोबा, एक तान्हं बाळ, आणि तारीख उन्हाळ्याच्या सुटीला बांधलेली. अशा घरानं निघायच्या साधारण पाच-सहा महिने आधी बुक करावं. तुमच्यापुरतं बोलायचं तर दिवाळी उलटल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत. शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका, आणि एजंट घाई करतो म्हणून आज पैसेही भरू नका. सगळ्यात स्वस्त असा एक दिवस मात्र कुणीच सांगू शकत नाही. तो जहाज सुटून गेल्यावरच कळतो.

आता हे असं का, ते सांगते.

तुमच्या नणंदेचे यजमान चुकीचं सांगत नाहीत आणि एजंटही सगळंच रेटून बोलत नाही. जहाजावरच्या खोल्या ठरलेल्या असतात. बंदर सोडताना रिकामी राहिलेली खोली म्हणजे कंपनीचं बुडालेलं उत्पन्न. म्हणून वेळापत्रक जाहीर होतं तेव्हा लोकांनी यावं म्हणून भाव कमी ठेवतात, जहाज भरत जाईल तसा वाढवतात, आणि शेवटी बऱ्याच खोल्या उरल्याच तर पुन्हा उतरवतात. मध्ये आणखी एक टप्पा येतो. जानेवारी ते मार्च या काळात जगभरातल्या क्रूझ कंपन्या सवलतींचा मोठा मोसम चालवतात. आपल्याकडे सवलती दिवाळी, नाताळ अशा सणांच्या आसपासही निघतात. म्हणजे भाव एकापेक्षा जास्त वेळा खाली येऊ शकतो. पण तो खाली येतो तेव्हा तुम्हाला हवी असलेली खोली उरलेली असते का, हे मोबाईलवरचा आकडा सांगत नाही.

तुमच्या घरात कापूस भावासाठी थांबवून ठेवण्याची सवय असणार. वरच्या खोलीत कापूस भरून ठेवायचा, भाव आला की विकायचा. तिथे थांबण्याची जोखीम फक्त भावाची, कारण माल तुमचा आणि तुमच्याच घरात. इथे तुम्ही घेणारे आहात आणि खोली अजून तुमच्या हातात नाही. थांबलात तर भावाबरोबर खोलीही जाऊ शकते. कापसाचा अनुभव इथे लावला की माणूस फसतो, आणि शहाणी, हिशेबी माणसंच यात जास्त फसलेली मी पाहिली आहेत.

खोल्यांचं गणित नीट समजून घ्या. तुमचा खरा फायदा-तोटा तिथेच आहे.

क्रूझचा जाहिरातीतला दर माणशी असतो आणि तो एका खोलीत दोघं राहतील असं धरून काढलेला असतो. त्याच खोलीत तिसरा, चौथा माणूस राहिला तर त्याला बहुतेक ठिकाणी कमी पैसे पडतात. हिशेबापुरते आकडे घेऊ: पहिल्या दोघांना माणशी २०,००० आणि तिसऱ्या-चौथ्याला ८,०००. तुम्ही दोघं आणि मुलं एका चौघांच्या खोलीत राहिलात तर ५६,००० होतात. तीच चार माणसं दोन खोल्यांत विभागली तर ८०,०००. आता चौघांच्या खोल्या जहाजावर कमीच असतात. भिंतीतून किंवा छतातून खाली येणाऱ्या वरच्या बर्थ प्रत्येक खोलीत नसतात. मुलाबाळांची कुटुंबं याच खोल्या आधी उचलतात. तुम्ही शेवटच्या आठवड्यात गेलात, चौघांची खोली संपलेली असली आणि दोन खोल्या घ्याव्या लागल्या, तर भाव ३० टक्क्यांनी पडला तरी तुम्ही पुन्हा ५६,००० वरच येता. एवढे महिने थांबून हातात काहीच नाही, वर मुलं एका खोलीत आणि तुम्ही दुसऱ्या, तीही कदाचित दुसऱ्या मजल्यावर.

आणखी एक गोष्ट एजंट सहसा सांगत नाहीत. जहाजावर किती माणसं घ्यायची याची मर्यादा जीवरक्षक नौकांवरही ठरते. जहाजाच्या प्रत्येक भागाला नेमून दिलेल्या नौका असतात, त्यांत बसतील तेवढीच माणसं त्या भागात. तुमच्या जावेचं बाळ मांडीवर बसणारं असलं तरी त्या आकड्यात ते एक पूर्ण माणूस आहे. त्यामुळे खोली रिकामी दिसूनही तिसरा किंवा चौथा माणूस घ्यायला कंपनी नकार देते, असं उशिरा बुक करणाऱ्यांच्या बाबतीत होतं. बाळाचं नाव पहिल्याच दिवशी टाका. आणि वयाची अट विचारा. बऱ्याच कंपन्या सहा महिन्यांखालचं बाळ घेत नाहीत, लांबच्या सफरींना वर्ष पूर्ण लागतं. तुमचं बाळ मे महिन्यात अकरा महिन्यांचं होईल, म्हणजे छोट्या सफरीला अडचण येऊ नये. तरी उत्तर लेखी घ्या.

आता तारखेकडे येते. तुम्ही भावापासून सुरुवात केली आहे. मी म्हणते घरच्या तारखेपासून करा, कारण विदर्भातल्या शेतकरी घराचं वर्ष आणि क्रूझचं वर्ष फार कमी दिवस एकमेकांना जुळतात.

मुंबईहून समुद्रपर्यटन चालतं ते साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारीसुद्धा बंद असते. कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' हे जहाज २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सफरी करत आलं आहे, आणि २०२३ मध्ये कंपनीनं पावसाळ्याच्या तोंडावर ते चेन्नईहून श्रीलंकेकडे सोडायला सुरुवात केली. हे ऑक्टोबर ते मे तुमच्या रानाशी लावून पाहा. दिवाळीच्या सुटीत सोयाबीन नुकतं निघालेलं, कपाशीची वेचणी सुरू, आंबिया बहराची संत्री तोडणीला, आणि मजूर मिळण्याची मारामार. शिवाय क्रूझचे दरही तेव्हा चढे. नाताळ आणि ३१ डिसेंबरचा आठवडा तर वर्षातला सगळ्यात महाग. जानेवारीत समुद्र शांत, हवा गोड, आणि प्रजासत्ताक दिनाची जोडसुटी सोडली तर मधल्या वारांचे दरही बरे. पण तुमची लेक दहावीला आहे आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तिची बोर्डाची परीक्षा. तिला सोडून जाण्याचा विचार तुम्ही पत्रात मांडला नाही, ते मला आवडलं. लहान्याची परीक्षा एप्रिलच्या अखेरपर्यंत जाऊ शकते. मग उरतो मे महिन्याचा पहिला पंधरवडा.

तो घ्या. त्यातही शुक्रवारी निघून रविवारी-सोमवारी परतणारी फेरी टाळा. सोमवार-मंगळवारी निघणारी पाहा. मुंबई-पुण्याची नोकरदार माणसं शनिवार-रविवारला बांधलेली असतात, म्हणून शुक्रवारची फेरी महाग जाते. तुम्हाला वाराचं बंधन नाही. योग्य महिन्याची वाट पाहून जे वाचेल त्यापेक्षा वार बदलून जास्त वाचतं, असं मी नेहमी सांगते.

एक प्रश्न मात्र तुमच्या पत्रात कुठेच नाही. मेमध्ये बागेचं ओलित कोण पाहणार? आंबियाच्या झाडावर फळ असतं, ऊन भाजत असतं, आणि घरातली सगळीच्या सगळी नऊ माणसं चार-पाच दिवस गावात नाहीत. गोठा असेल तर तोही आहे. विश्वासाचा सालदार असेल, किंवा माहेरचं कुणी येऊन राहत असेल, तर आत्ताच बोलून ठेवा. लग्नसराईचे मुहूर्त पाहा, भावकीतलं लग्न नेमकं त्या आठवड्यात निघालं तर तुमचे सासरेच आधी म्हणतील, जाऊ द्या क्रूझ. अशा कारणानं ऐनवेळी रद्द झालेल्या सहलीइतकी महाग सहल दुसरी नाही. क्रूझचं बुकिंग निघायची तारीख जवळ येईल तसं रद्द करायला महाग होत जातं आणि शेवटच्या दिवसांत बहुतेक कंपन्या काहीच परत देत नाहीत.

तिकिटाबाहेरचा खर्च धरा. तुमच्या तीन खोल्या, म्हणजे चौघांची एक, सासू-सासऱ्यांची एक आणि दीर-जाऊ-बाळाची एक, वरच्या हिशेबानं १,४४,००० च्या होतात. शेवटच्या क्षणी १० टक्के सूट मिळाली तर वाचले १४,४००. पण तुम्हाला बडनेऱ्याहून मुंबईला यायचं आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. मेच्या पहिल्या आठवड्यातल्या गाडीचं आरक्षण मार्चच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा क्रूझ ठरलेली असेल तर विदर्भ एक्स्प्रेस किंवा अमरावती-मुंबई एक्स्प्रेसमध्ये नऊ जागा एकत्र मिळवता येतील. एका तिकिटावर सहाच माणसं बसतात, म्हणून दोन तिकिटं काढा आणि दोन्हीकडे एकेक कर्ता माणूस ठेवा. क्रूझ शेवटच्या आठवड्यात ठरली तर तत्काळ, तिथे एका तिकिटावर चारच माणसं. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत २०२० पासून बंद आहे. तत्काळ हुकलं की विमान, आणि ऐनवेळी नऊ विमान तिकिटं म्हटलं की ते १४,४०० कुठल्या कुठे जातात. परतीची तिकिटंही याच वेळी काढा.

निघायच्या आदल्या दिवशी मुंबईत पोचा. त्याच दिवशी सकाळी पोचणारी गाडी धरू नका. बॅलार्ड पियरचं क्रूझ टर्मिनल सीएसएमटीहून जवळ आहे, पण जहाज सुटायच्या काही तास आधी आत घेणं बंद होतं आणि भुसावळजवळ गाडी खोळंबली म्हणून कुठलंही जहाज थांबत नाही. एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च आजच बजेटमध्ये लिहा. त्या संध्याकाळी सगळ्यांना गिरगाव चौपाटीवर न्या, आजोबांचा समुद्र तिथूनच सुरू होऊ द्या.

आजोबांवरून सांगते. तुम्ही नऊच्या नऊ जणांसाठी सगळ्यात स्वस्त, आतली, बिनखिडकीची खोली पाहत आहात. तुमच्यासाठी, मुलांसाठी आणि दीर-जावेसाठी ती पुरेशी आहे. झोपण्यापलीकडे तुम्ही खोलीत थांबणार नाही. पण तुमचे सासरे शेतकरी आहेत, पहाटे चारला उठत असणार. त्या वेळी डेकवर एकट्यानं जाणं त्यांना धकेल का? आतल्या खोलीत दिवा बंद केला की दिवस आहे की रात्र तेही कळत नाही. ज्या माणसानं मंधात जाऊन समुद्र पाहायचा म्हटलं, त्याला पहाटे उठून भिंत पाहायला लावू नका. तीन खोल्यांपैकी ती एक खोली खिडकीची घ्या, झेपलं तर बाल्कनीची. तीही जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर, तिथे हेलकावे कमी जाणवतात. खिडकीच्या खोल्यांतही काही स्वस्त असतात, त्यांच्या खिडकीसमोर जीवरक्षक नौका टांगलेली असते आणि समुद्र अर्धाच दिसतो. खोलीचा क्रमांक घेऊन हे स्पष्ट विचारा. "खोली कंपनी देईल ती" अशा प्रकारचं बुकिंग स्वस्त असतं. ते दीर-जावेसाठी चालेल, सासू-सासऱ्यांसाठी नको. बचत करायची तर ती इतर दोन खोल्यांत करा.

त्यांच्या औषधांची चिठ्ठी सोबत ठेवा, मळमळीच्या गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. प्रवास विमा काढताना बीपी-साखर लपवू नका. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी वेगळी आणि भारी असते.

पैशाचं बोलू. तुमच्याकडे सोयाबीनचे आणि संत्र्याचे पैसे दिवाळीच्या पुढे-मागे येतात, कापूस-तुरीचे जानेवारीनंतर. म्हणून मी दिवाळी ते डिसेंबर म्हणाले. तेव्हा फक्त पहिली रक्कम भरायची. पुढची रक्कम कधी भरायची हे कंपनीगणिक बदलतं, आणि ती तारीख तुमच्यासाठी भावाइतकीच महत्त्वाची आहे. उरलेले पैसे फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये मागणारं बुकिंग थोडं महाग असलं तरी, आजच सगळी रक्कम मागणाऱ्या स्वस्त बुकिंगपेक्षा तुम्हाला परवडेल. पीककर्जाच्या पैशाला हात लावू नका. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्यावर येतं. क्रूझच्या हप्त्यापायी ती मुदत चुकली तर भावात वाचवलेलं सगळं व्याजात जाईल. बचत गटाकडून सहलीसाठी कर्ज उचलण्याचा विचार असेल तर तोही सोडा. हिशेब तुमच्याच हातात आहे आणि बाकीच्या बायांना त्या पैशाची गरज बियाण्याला, दवाखान्याला लागते. बिनव्याजी म्हणून दाखवल्या जाणाऱ्या हप्त्यांत प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी कुठे दडला आहे ते वाचा. त्यापेक्षा आजपासून बँकेत छोटी आवर्ती ठेव सुरू करा.

एजंटशी भांडू नका, पण त्याच्याकडून कागद मागा. नऊ जणांची एकूण रक्कम, बंदर शुल्क, जीएसटी, सेवकांची बक्षिसी सगळं धरून किती, हे एका कागदावर. "मुलं मोफत" असं लिहिलेलं असतं तेव्हा बहुधा मूळ भाडं मोफत असतं, शुल्क आणि कर मुलांनाही लागतात. रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती कापणार, नाव बदलता येतं का, तारीख बदलता येते का, हे लिहून हवं. पैसे भरले की क्रूझ कंपनीचा स्वतःचा बुकिंग क्रमांक मागा आणि कंपनीला फोन करून तो तपासा. रक्कम फर्मच्या खात्यात द्या, कुणाच्या खासगी यूपीआयवर नाही. जो एजंट एवढं द्यायला कां-कू करतो त्याला सोडून द्या, मग त्याचा भाव कितीही कमी असो.

आणि एक लेखी विचारून ठेवा: बुक केल्यानंतर, पूर्ण पैसे भरायच्या आधी, तीच खोली स्वस्त झाली तर फरक देणार का? काही कंपन्या भाव सुधारून देतात, काही जहाजावर खर्च करायला तेवढी रक्कम देतात, काही काहीच देत नाहीत. हो म्हणाले तर जानेवारी-फेब्रुवारीच्या सवलतींत एकदा दर पाहा आणि फरक मागा. नाही म्हणाले तर बुकिंगनंतर दर पाहायचा बंद करा. रोज रात्री तो आकडा पाहून तुमची झोप जाते आहे, आणि हातात काही येत नाही.

तुमच्या पत्रातलं जे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं ते "घरात मलाच ऐकून घ्यावं लागेल" हे. सहल नऊ जणांची आणि भावाची जबाबदारी एकटीची, हे कसं ठरलं ताई? तुम्ही हिशेबात पक्क्या आहात म्हणून सगळ्यांनी ते तुमच्यावर सोडून दिलं असावं. एका संध्याकाळी यजमान, दीर, जाऊ सगळ्यांना बसवा. वर दिलेले खर्च एका वहीत मांडा आणि एक रक्कम ठरवा: प्रवासासकट एवढ्यात बसलं तर घ्यायचं. खाली सगळ्यांच्या सह्या नसल्या तरी चालतील, पण आकडा सगळ्यांसमोर ठरू द्या. त्या आकड्यात बसणारी, तुमच्या तारखेची, चौघांच्या खोलीसह क्रूझ दिसली की बुक करायची. मग नंतर भाव पडला तरी तो सगळ्यांचा निर्णय असेल. आणि कुणी म्हटलंच "थांबलो असतो तर", तर त्याला खोल्यांचं गणित दाखवा. सासऱ्यांनाही विचारा, त्यांना जहाज हवं आहे की समुद्र. त्यांना नुसता समुद्र हवा असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट तासाभरात खाडीपार नेते, तिचं तिकीट क्रूझच्या मानानं किरकोळ. तरी मला वाटतं त्यांना तुम्ही सगळे सोबत हवे आहात आणि चारी बाजूंनी पाणी हवं आहे. तसं असेल तर क्रूझ बरोबर आहे.

अशाच प्रश्नाची इतरही पत्रं आली आहेत, त्यांच्यासाठी थोडं. निवृत्त जोडपं असेल, नागपूरसारख्या ठिकाणी राहत असेल, कुठल्याही वारी निघता येत असेल आणि कोणतीही खोली चालत असेल, तर शेवटच्या दोन-तीन आठवड्यांची वाट जरूर पाहावी. स्वस्त उरलेल्या खोल्या अशाच माणसांसाठी असतात. शाळेतल्या शिक्षकांना, नोकरदारांना एक सोय आहे. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरच्या सुमारास उघडतात. तेव्हा मुंबई-पुण्याची मुलं वर्गात परतलेली असतात. सिंगापूरच्या शाळांची सुटीही मेअखेरीपासून सुरू होऊन त्याच सुमारास संपते, म्हणून तिथून निघणाऱ्या सफरींचे दर जूनच्या अगदी शेवटी पाहावेत. शेतकरी घराला ते जमणार नाही, पेरणी तोंडावर असते. परदेशी सफरीला पासपोर्ट लागतो, तो परतीनंतरही सहा महिने चालणारा हवा, आणि म्हाताऱ्या माणसांचे जन्माचे कागद जमवण्यातच वेळ जातो. पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आधीच वसूल केलेला आयकरही लागतो. तो परत मिळतो, पण आयकर विवरणपत्र भरणाऱ्यालाच. पहिल्या क्रूझसाठी शेतकरी घरानं देशातलीच सफर घ्यावी असं माझं मत आहे.

देशातल्या सफरीला आधार कार्ड पुरतं, लक्षद्वीपला मात्र प्रवेश परवाना लागतो. तो क्रूझ कंपनी काढते, त्यासाठी कागद वेळेवर द्यावे लागतात. बुकिंगच्या आधी नऊही जणांचे आधार एकत्र काढून नावं जुळवून पाहा. आपल्याकडे एका कार्डावर रामराव, दुसऱ्या कागदावर रामभाऊ, बायांचं एक नाव माहेरचं आणि एक सासरचं, हे सर्रास असतं. तिकिटावरचं नाव कार्डाबरहुकूम नसेल तर बंदरावर अडवतात. दुरुस्तीला वेळ लागतो, तेव्हा हे काम दिवाळीपर्यंत उरकून घ्या. बाळाचा जन्मदाखला अजून घेतला नसेल तर जावेला सांगून तो याच आठवड्यात काढा. जन्म ज्या गावात किंवा शहरात झाला तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद असेल. त्याच दाखल्यावर बाळाचं आधारही काढता येईल.